टाकी आज, मासे महिन्याने

घरातला मासा मेला की कोणीतरी हमखास म्हणतं, "जाऊ दे रे, घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं." मला या वाक्याचा मनापासून राग येतो. मासा जगला तर भरभराट, मेला तर संकट टळलं. इतकं सोयीचं एरर हँडलिंग मी आजवर कुठल्याही कोडमध्ये पाहिलेलं नाही! फेंगशुईवाल्यांनी तर आठ सोनेरी आणि एक काळा असा सेटच ठरवून दिलाय. या सगळ्यात मासा नेमका कशाने मेला हे कोणी बघतच नाही. पुढच्या रविवारी नवी जोडी आणली की झालं.

नव्या टाकीतला मासा बहुतेक वेळा अमोनियाने मरतो. त्याची विष्ठा, उरलेलं खाणं, इतकंच काय, त्याच्या कल्ल्यांतूनसुद्धा अमोनिया पाण्यात येतो. नदीत किंवा तळ्यात हा अमोनिया खाणारे जिवाणू असतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो (तेही विषारीच), दुसरा नायट्राइटचं नायट्रेट करतो, जे मासे बऱ्यापैकी सहन करतात. विनोग्राड्स्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले, म्हणजे ही काही कालपरवाची माहिती नाही. दुकानातून आणलेल्या कोऱ्या टाकीत ते जवळपास नसतातच. फिल्टरच्या स्पंजवर, तळाच्या खड्यांवर त्यांची वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी दिसायला आरशासारखं स्वच्छ आणि आत विष. मासा वर येऊन तोंड उघडझाप करतो आणि आपण म्हणतो, "बघ, भूक लागलीये त्याला," आणि अजून चिमूटभर दाणे टाकतो!

बरं, यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरात रोज होतो. दुधात विरजण घातल्याशिवाय दही लागतं का? कोणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला मळका स्पंज ओला असतानाच आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवायचा. विरजण लागलं! तेवढं मिळालं नाही तर माशांविना टाकी चालू करायची, रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकून कुजू द्यायचं आणि वाट बघायची. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही वाढून पुन्हा शून्यावर आले की मग मासे. घरचे म्हणतील रिकाम्या टाकीत काय बघतोस. म्हणू द्यावं.

पण दुकानदार हे सांगत नाही. टाकी, पंप, रंगीत खडे, मासे, सगळं एकाच संध्याकाळी एकाच बिलावर. त्याला तरी किती दोष देणार? सोबत पोरगं हट्ट करत उभं असतं. तरी माझं स्पष्ट मत आहे की टाकी विकली त्या दिवशी मासे विकायला त्याने सरळ नकार द्यावा. गिऱ्हाईक महिन्याने येईल, पण पुढची दहा वर्षं येत राहील.

त्या गोल काचेच्या भांड्याबद्दल तर बोलायलाच नको. पाच लिटर पाणी, फिल्टर नाही, आणि आत गोल्डफिश! नीट सांभाळला तर हा मासा वीतभर वाढतो आणि दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. इटलीतल्या मोंझा शहराने २००४ मध्ये अशा भांड्यात मासे ठेवायला बंदी घातली, रोमने २००५ मध्ये. आपल्याकडे ते वाढदिवसाला भेट देतात.

दुसरा प्रकार अतिस्वच्छ लोकांचा. आमच्या ऑफिसातला एक जण दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून खडे, स्पंज, सगळं नळाखाली घासायचा. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने आठवडाभर जमलेले जिवाणू साफ. म्हणजे दर रविवारी सर्व्हर फॉरमॅट, आणि सोमवारी तक्रार की सिस्टीम चालत नाही. खरं तर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढून, एक दिवस बादलीत उघडं ठेवलेलं पाणी भरलं की पुरतं. स्पंज धुवायचा तो त्याच काढलेल्या पाण्यात, तोही नुसता पिळून.

सुरुवातीला टाकी लहान घ्यावी हा सल्लाही उलटा आहे. पाणी जेवढं कमी तेवढं ते लवकर बिघडतं. निदान दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे पन्नासेक लिटर तरी हवी. नुसतं पाणीच पन्नास किलो भरतं, तेव्हा टीव्हीच्या डगमगत्या स्टुलावर ठेवू नका. खाली थर्माकोल घाला.

आणि पहिले मासे म्हणून गप्पी घ्या. डास कमी व्हावेत म्हणून साठलेल्या पाण्यात सोडतात तेच हे. फक्त सगळे नर घ्या, रंगीत शेपटीचे. एखादी मादी आली तर दोन-तीन महिन्यांत "पिल्लं कोणाला हवीत का?" अशी मेल अख्ख्या फ्लोअरला टाकावी लागेल.