कोरियन नाती मराठीवरून शिकवा

कोरियन मालिकांच्या ओढीने ती भाषा शिकायला घेणाऱ्या मराठी मुलामुलींना नात्यांचे शब्द इंग्रजी अर्थ देऊन शिकवणं हा निव्वळ द्राविडी प्राणायाम आहे. कोरियनमध्ये 'इमो' म्हणजे मावशी, 'गोमो' म्हणजे आत्या आणि 'वेसामछोन' म्हणजे मामा. मराठी घरात वाढलेल्याला हे भेद बोलायला लागल्यापासून ठाऊक असतात. मग ते 'अंकल-आंटी'च्या गाळणीतून गाळून, 'आईकडचे' आणि 'वडिलांकडचे' असे कंस जोडून पुन्हा पाठ का करायचे?

मराठी सगळीकडे पुरी पडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. थोरल्या भावाला बहीण 'ओप्पा' म्हणते, तर भाऊ 'ह्यंग' म्हणतो. थोरली बहीण मुलीची 'ऑन्नी' असते आणि मुलाची 'नुना'. आपल्याकडे दादा सगळ्यांचाच दादा. पण हा फरक दादा-ताईशेजारी ठेवला, तरच हाक मारणारा कोण यावर कोरियन शब्द ठरतो हे पटकन ध्यानात येतं. मालिका बघून हे आपोआप येईल, अशा भरवशावर राहू नये. 'ओप्पा' 2021 मध्ये ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशात गेला, तो देखणा कोरियन नट-गायक हा अर्थही घेऊन. तेवढ्यावर विसंबलेला मुलगा स्वतःच्या थोरल्या भावालाही 'ओप्पा' म्हणून बसेल.

सासरच्या नात्यांत तर मराठीची सोबत फार मोलाची आहे. कोरियन सून अविवाहित धाकट्या दिराला 'दोर्योन्निम' आणि धाकट्या नणंदेला 'आगाश्शी' म्हणत आली. एके काळी बड्या घरच्या तरुण मुलामुलींना आदराने मारायच्या या हाका. बायकोच्या धाकट्या भावाला मात्र नुसतं 'छोनाम'. 'भाऊजी', 'वन्सं' म्हणणाऱ्या सुना आणि मेहुण्याला नावाने हाक मारणारे जावई पाहिलेल्यांना यातली विषमता समजावून सांगावी लागत नाही. तिथल्या राष्ट्रीय भाषा संस्थेने 2020 च्या मार्गदर्शिकेत जोडीदाराच्या धाकट्या भावंडांना नावाने, किंवा नावापुढे 'श्शी' लावून हाक मारण्याचा पर्याय सुचवला. मग मागे पडू पाहणारे शब्द शिकावेच का? कारण ते अजून कानावर पडतात, आणि एखादी सून ते टाळून दिराला नावाने हाक मारते तेव्हा तिने काय नाकारलं, हे जुना शब्द माहीत असल्याशिवाय कळत नाही. म्हणून वर्गात शब्दार्थांच्या जोड्या लावून घेण्यापेक्षा बोलणारी व्यक्ती कोण, समोरच्याचं वय काय, नातं कुणाकडून, एवढं सांगून हाक काय मारशील, असं विचारावं.