‘सिंहासना’चा वेग आणि वाचकाचे कर्तव्य

राजकीय कादंबरीविषयी वाचकांचे एकमत सहसा होत नाही. अरुण साधू यांची ‘सिंहासन’ १९७७ साली, आणीबाणी उठली त्याच वर्षी, प्रसिद्ध झाली. आज जवळजवळ अर्धशतक लोटले, साधूही २०१७ मध्ये निवर्तले. तथापि या कादंबरीविषयीचा मतभेद मिटलेला नाही.

एका पक्षाला तिचा वेग भावतो. मुख्यमंत्र्यांची खुर्ची, तिच्यावर डोळा ठेवून बसलेला सहकारी, आमदारांची जुळवाजुळव, कामगार पुढारी, तस्कर आणि पत्रकार हे सारे साधूंनी वार्ताहराच्या नजरेने टिपले. हातात घेतलेले पुस्तक खाली ठेवावेसे वाटत नाही, आणि राजकारण असेच चालते याची साक्ष पटते. दुसऱ्या पक्षाचा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही. या पटावर श्रद्धेने काम करणारा माणूस शोधावा लागतो. सामान्य माणूस येतो तो बहुधा या खेळात चिरडला जाण्यापुरताच. जब्बार पटेल यांच्या १९७९ च्या चित्रपटाच्या अखेरीस निळू फुले यांनी साकारलेला पत्रकार दिगू टिपणीस भ्रमिष्टासारखा हसत सुटतो. सारे पाहून केवळ हसावे, एवढेच का साहित्याने शिकवावे, असा या वाचकांचा सवाल आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील वाचकाला या वादात एक विशेष अधिकार आहे. १८३८ पासूनची वाचनालयाची परंपरा या नगरात आहे, आणि सत्ता कशी उभी राहते हे या जिल्ह्याने जवळून पाहिले आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला, तो शेतकऱ्यांनी भागभांडवल जमवले म्हणून. आधी विश्वास, मग संस्था आणि त्यामागून सत्ता, असा तो क्रम होता. पुढे सत्ता हेच साध्य झाले की संस्थेचे काय होते, हेही गावोगावच्या सभासदांनी अनुभवले आहे. हा दीर्घ प्रवास वेगवान कथानकात मावत नाही. त्यासाठी याच जिल्ह्यातील पारनेर तालुक्यात जन्मलेले, संगमनेरला अध्यापन केलेले रंगनाथ पठारे यांची ‘ताम्रपट’ हाती घ्यावी. १९९४ च्या या कादंबरीला १९९९ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. ती संथ आहे, प्रदीर्घ आहे, अशी तक्रार करणारे वाचकही आहेत. परंतु संस्था उभारण्याचे आणि ती पोखरली जाण्याचे काम संथपणेच चालते.

म्हणून ‘सिंहासन’ वाचूच नये, असे मुळीच नव्हे. तिचा वेग हा दोष नाही. सत्तेच्या दालनातील घाई तिने यथातथ्य दाखवली. मात्र ते चित्र शेवटच्या काही डावांचे आहे. डाव मांडला जाण्यापूर्वी मतदार कोठे होता, सभासद वार्षिक सभेला का गेला नाही, हिशेब कोणी विचारले नाहीत, हे प्रश्न वाचकाने स्वतःला विचारायचे असतात. पुस्तक मिटून “राजकारण म्हणजे चिखल” असे म्हणत सुशिक्षित कुटुंबे आपल्या मुलांना त्यापासून दूर ठेवतात. खुर्ची त्यामुळे रिकामी राहत नाही. तिच्यावर बसणारा तेवढा निर्धास्त होतो.

घराघरांत या दोन्ही कादंबऱ्या वाचल्या जाव्यात आणि त्यांवर वाद व्हावा. तरुणांना वेग आवडेल, वडीलधाऱ्यांना तो उथळ वाटेल, वाटो. त्या वादातून एखादा तरुण गावच्या सोसायटीच्या सभेत उठून हिशेब मागू लागला, तर दिगू टिपणीसच्या त्या हसण्याला वाचकांनी दिलेले ते सर्वांत समर्पक उत्तर ठरेल.