माहिती आमची, निवाडा त्यांचा!



शेतकऱ्याला संगणकापुढे बसवण्याचा विडा सरकारने उचलला आहे. २०१७ ची कर्जमाफी ऑनलाइन अर्जातून आली. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. पेरा आपणच नोंदवायचा. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला कापूस घालायचा तर आधी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करा, असा हुकूम निघाला.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. माहिती आम्ही भरायची, निवाडा त्यांनी द्यायचा. पेरा विचारतात, खर्च कोणी विचारत नाही. नोंदणी केली तरी कापसात ओलावा बारा टक्क्यांवर निघाला की गाडी परत!

आता त्यांचा हिशेब पाहा. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७७१० रुपये, संकरित ज्वारीचा ३६९९. खर्चाच्या दीडपट दिला म्हणून डंका पिटला. कोणत्या खर्चाच्या? क्विंटलला कापसाचा ५१४० आणि ज्वारीचा २४६६ रुपये धरला. त्यात पदरचा खर्च आणि घरच्यांची मजुरी आहे. आपल्या जमिनीचा खंड नाही, आपल्या भांडवलाचे व्याज नाही. ते धरून होणाऱ्या 'सी-टू' खर्चाचे नाव दीडपटीच्या वेळी कोणी काढत नाही. वर, १९ ऑगस्ट २०२५ पासून वर्षअखेरपर्यंत कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले. एका हाताने भाव जाहीर करायचा, दुसऱ्या हाताने पाडायचा!

दोष संगणकाचा नाही. त्यात आपल्या कामाचीही साधने आहेत. लिब्रेऑफिस कॅल्क घ्या. फुकट मिळते, मराठीत लिहिता येते, एकदा बसवले की इंटरनेट लागत नाही. एका रकान्यात नांगरट, बी, खत, फवारणी, खुरपणी, कोळपणी, वेचणी, सालगड्याचा वाटा, बैलाची वैरण लिहा. मग घरच्यांची मजुरी, खंड, व्याज. ज्वारीला कडब्याची किंमत वजा करा. हिशेब खरा पाहिजे. बेरजेला क्विंटलने भागा.

एक आकडा बदलला की खालचा आपोआप बदलतो. वेचणी किलोमागे दोन रुपयांनी वाढली की क्विंटलमागे दोनशे वाढले. समजा एकरी खर्च तीस हजार. आठ क्विंटल पिकले तर क्विंटलला ३७५० पडतात. पावसाने ओढ दिली आणि पाचच झाले तर ६०००. कोरडवाहूचे दुखणे हेच आहे: खर्च तोच राहतो, उतारा पावसाच्या हाती.

एकट्याचा हिशेब रडगाणे ठरतो. किनवट-भोकरपासून औसा-निलंग्यापर्यंत गावोगावचे हिशेब एका तक्त्यात आले की तो पुरावा होतो. गावातली शिकलेली पोरे-पोरी त्याला लावा. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावातून एक तरी छापील हिशेब आलाच पाहिजे. आमच्या घामाचा हिशेब आम्हीच मांडू. उत्तर त्यांनी द्यावे!