युद्धकैदी: कायदा त्याचा, वाट पाहणं तिचं

‘युद्धकैदी’ हा शब्द आपल्याकडे दोनदाच ऐकू येतो. सीमेवर तणाव वाढला की, आणि कुणी सुटून आला म्हणून पेढे वाटायचे असले की. मधल्या काळात हा शब्द कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी बायकोच्या माथी वर्षानुवर्षं पडून असतो. तिची दखल ना सत्कार समारंभ घेतात, ना परराष्ट्र खातं.

‘हा विषय लष्कराचा, स्त्री-संघटनांनी यात कशाला पडायचं?’ असं आपल्याच बैठकांमध्ये विचारलं जातं. पिंपरी-चिंचवडमध्ये तरी हा प्रश्न पडू नये. देहूरोडचा डेपो, दापोडीचं लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, खडकीचा दारूगोळा कारखाना यांच्या आसपास आपल्या वस्त्या वाढल्या. भोसरी-चाकणच्या कंपन्यांच्या गेटवर निवृत्त जवान उभे असतात. पिंपरीची सिंधी वसाहत तर फाळणीच्या निर्वासित छावणीतूनच उभी राहिली. युद्ध आपल्यापासून लांब नाही. लांब ठेवलं गेलंय ते त्याबद्दल बोलणं.

आधी कायदा समजून घेऊ, कारण तो समजला नाही की आपण फक्त हळहळतो. 1949च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार शत्रूच्या हाती सापडलेला सैनिक हा गुन्हेगार नव्हे. तो लढला म्हणून त्याला शिक्षा करता येत नाही. युद्धगुन्हा केला असेल तर खटला चालू शकतो, पण नुसतं सैनिक असणं हा गुन्हा नाही. त्यानं सांगायचं ते फक्त नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिक क्रमांक. त्याचा छळ करायचा नाही, त्याला लोकांपुढे तमाशासारखं उभं करायचं नाही. प्रत्यक्ष लढाई थांबली की विनाविलंब परत पाठवायचं. युद्ध रीतसर जाहीर झालं नव्हतं, ही सबब चालत नाही. दोन देशांत सशस्त्र संघर्ष झाला की करार लागू होतो. आपल्या संसदेनं 1960 साली त्यासाठी स्वतंत्र कायदाही केला.

पण या कराराचा एक भाग कुणी मोठ्यानं वाचत नाही. छावणीत पोचल्यापासून आठवड्याच्या आत कैद्याला घरी कार्ड पाठवू द्यायचं. पुढे महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं. कैद्यांची माहिती घरापर्यंत पोचवणारं केंद्र सरकारनं उघडायचं. म्हणजे हा करार निम्मा घरच्यांसाठी आहे. कैदेत तो असतो, पण ‘तो आहे’ हे कळण्याचा हक्क तिचा आहे.

हा हक्क कसा पायदळी गेला ते दमयंती तांबे यांना विचारा. त्या राष्ट्रीय विजेत्या बॅडमिंटनपटू, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. 1971च्या डिसेंबरमध्ये त्यांचे पती, हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे, पाकिस्तानच्या हद्दीत विमान पडून बेपत्ता झाले. त्याच दिवसांत ढाक्याच्या एका वर्तमानपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावं छापून आली. त्यांत तांबे यांच्याशी जुळणारं नाव होतं. पुढे सिमला करार झाला, भारताच्या ताब्यातले सुमारे 93 हजार पाकिस्तानी परत गेले. विजय तांबे आले नाहीत. 1965 आणि 1971च्या युद्धांतल्या अशा 54 जणांची यादी झाली. ‘आमच्याकडे असं कुणीही नाही’ हे पाकिस्तानचं उत्तर ठरलेलं. 2007च्या जूनमध्ये 14 नातेवाईक तिकडच्या तुरुंगांत जाऊन आले, दमयंतीताईही त्यांत होत्या. सगळे रिकाम्या हातांनी परतले. 93 हजार माणसं हाती असताना आपल्या सरकारनं एकेका नावाचा हिशेब का मागून घेतला नाही? हा प्रश्न देशद्रोहाचा नाही, बायकोचा आहे.

अशा बाईला समाज काय म्हणतो? ‘वीरपत्नी’ म्हणावं तर तो गेला असं मानावं लागतं. सौभाग्यवती म्हणावं तर तो कुठे आहे ते सांगावं लागतं. हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही यावर बायकाच कुजबुजतात. कायदा सांगतो, सात वर्षं खबर नसेल तर मृत धरा. हिंदू विवाह कायदा त्याच कारणानं घटस्फोटही देतो. म्हणजे बाईपुढे दोनच वाटा: तो मेला असं स्वतःच्या सहीनं लिहून द्यायचं, किंवा त्याला सोडायचं. ‘तो कुठे आहे ते शोधून द्या’ ही तिसरी वाट कुठल्याच फॉर्मवर नाही. कामावर गेलेला नवरा परतलाच नाही अशा आपल्या वस्त्यांतल्या बायकाही याच खिडकीपुढे उभ्या असतात.

कुलभूषण जाधव यांचं प्रकरण वेगळं. निवृत्त नौदल अधिकारी, पाकिस्ताननं हेर ठरवलेले, म्हणून युद्धकैदीच्या दर्जाबाहेरचे. पण 25 डिसेंबर 2017 रोजी इस्लामाबादेत काय झालं ते आठवा. मधे काच. आईला लेकाशी मराठीत बोलू दिलं नाही. पत्नी आणि आईचं मंगळसूत्र, बांगड्या, टिकली उतरवून घेतली. भेट द्यायची आणि भेटीतूनच बाईला नागवायचं! आपल्याकडे त्यावर ओरडा झाला तोही ‘आमच्या सौभाग्याचा अपमान’ म्हणून. अपमान सौभाग्याचा नव्हता, दोन माणसांचा होता. 2019 साली आंतरराष्ट्रीय न्यायालयानं पाकिस्तानला दोषी धरलं ते वकिलातीशी संपर्क नाकारल्याबद्दल. आईच्या तोंडून मराठी हिरावून घेतल्याचा हिशेब कुठल्याच निकालपत्रात मांडलेला नाही.

शत्रूला शिव्या देऊन हे सुटणार नाही. कैद्याची नीट वागणूक देवाणघेवाणीवर चालते. आपण त्यांच्या कैद्याच्या आईला पत्र पोचवलं, तरच आपल्या आईचं पत्र मागायला तोंड राहतं. 2008च्या करारानुसार दोन्ही देश दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला कैद्यांच्या याद्या देतात. त्यांत मच्छीमार असतात. गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जाणारे आपल्या पालघरचे आदिवासीही पाकिस्तानच्या तुरुंगांत सापडतात. त्यांच्या बायकांसाठी मेणबत्त्या कोण लावतं?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात:

1. बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांना सरकारजवळचे कागद दाखवा.
2. पेन्शन आणि घराचे हक्क ‘तो मेला’ या सहीशी बांधू नका.
3. सक्तीनं बेपत्ता केलेल्यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं 2007 साली सही केली. आता त्याला मान्यता द्या.
4. दोन्ही देशांच्या कैदी-याद्या कुटुंबांपर्यंत, त्यांच्या भाषेत, पोचवा.

युद्धविरोधी असणं म्हणजे सैनिकाच्या बायकोकडे पाठ फिरवणं नव्हे. उलट युद्धाचा खरा हिशेब तिच्याकडेच आहे. तो मागण्याचं काम आपण केलं नाही तर ज्यांना युद्ध हवं आहे ते तिचं कुंकू झेंड्यासारखं नाचवतील, आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर कधीच देणार नाहीत.