मशीन बंद होतं, आपा!



गेल्या हिवाळ्यात माझ्या मामेभावाचा कॅनडातून फोन आला. टोरोंटोजवळ त्याचा तो पहिलाच हिवाळा. उजव्या हाताला पट्टी आणि मधल्या बोटाचं पेर गेलेलं. मामी इकडे रडत होत्या आणि तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता, "मशीन बंद होतं, आपा! मी स्वतः बंद केलं होतं."

आज आपल्या अनेक घरांतली मुलं-मुली कॅनडा, अमेरिकेत राहतात. तिकडे रात्रभर बर्फ पडला की सकाळी दारासमोरचा रस्ता मोकळा करावा लागतो. त्यासाठी हाताने ढकलायचं मशीन मिळतं. पुढे मळसूत्रासारखं फिरणारं पातं बर्फ आत ओढतं. मोठ्या मशीनमध्ये त्यामागचा पंखा तो उभ्या नळीतून लांब फेकतो.

भुसभुशीत बर्फ सहज उडतो. पण ओला, जड बर्फ नळीत घट्ट बसतो. नगरपालिकेची गाडी रस्ता साफ करून गेली की घराच्या तोंडाशी अशाच जड बर्फाचा बांध उरतो. मशीन तिथेच अडतं. मागे नोकरीची घाई असते. माणूस इंजिन बंद करतो आणि हात आत घालतो.

बंद मशीनचं पातं कसं फिरतं? वर्गात मी मुलांना हे रबरबँडने दाखवते. रबरला पीळ द्या, धरून ठेवा आणि सोडा. तो गर्रकन उलगडतो. बर्फ अडकला की मशीनचा पट्टा आणि दांडे असेच ताणलेले राहतात. इंजिन थांबलं तरी तो ताण आत असू शकतो. हाताने बर्फ मोकळा होताच पातं झटक्यात फिरतं. अर्धा फेरासुद्धा पुरतो. आत जातो तो बहुधा कामाचा हात, आणि मधलं बोट सर्वांत लांब म्हणून आधी तेच सापडतं. जाड हातमोजा बोट वाचवत नाही, उलट तोच पात्यात अडकतो.

म्हणून तिकडच्या आपल्या माणसांना एवढं नक्की सांगा:

१. नळी अडकली की इंजिन बंद करून चावी काढा. विजेचं मशीन असेल तर प्लग किंवा बॅटरी काढा.

२. सगळं पूर्ण थांबेपर्यंत थांबा. निदान पाच आकडे मोजा.

३. बर्फ काठीनेच काढा. बऱ्याच मशीनला त्यासाठी प्लास्टिकची काठी लावलेली असते. नसेल तर झाडूचा दांडा घ्या. हात किंवा पाय कधीही आत नको.

४. दांड्यावरची पकड सोडली की पातं थांबावं, अशी त्याची रचना असते. ती पकड दोरीने बांधून ठेवू नका.

५. बर्फ साचू देऊ नका. थोडा थोडा, वरचेवर काढा. नळीला आतून स्वयंपाकाच्या तेलाचा फवारा मारला तर बर्फ कमी चिकटतो.

६. मुलांना मशीनपासून लांब ठेवा.

तरीही इजा झालीच तर जखम स्वच्छ कापडाने दाबून हात वर धरा आणि ९११ ला फोन करा. तुटलेलं बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात ठेवू नका.

इकडे बर्फ नाही, पण कडबाकुट्टी आहे, बकरी ईदला खिमा काढायचं मशीन आहे. तिथेही काही अडकलं की आपला हातच आधी पुढे जातो. आधी वीज बंद करा, मग थांबा, मग काठी वापरा. हा क्रम आज घरात सर्वांना सांगा.

भाऊ आता डाव्या हाताने लिहायला शिकतोय. त्याच्या मशीनला त्याने काठी बांधून ठेवली आहे. अल्लाह सर्वांचे हात सलामत ठेवो.