बोलण्याचे स्वातंत्र्य मिळाले. ऐकण्याचे कोणाच्या हाती?

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथील दोन तरुणींना फेसबुकवरील एका मजकुराबद्दल अटक झाली. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत जो बंद पाळला गेला, त्याविषयी एकीने प्रश्न उपस्थित केला होता. दुसरीचा अपराध एवढाच, की तिने त्या मजकुराला पसंती दर्शविली. या अटकेने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६ अ या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम घटनाबाह्य ठरले. रद्द झालेल्या या कलमाखाली पोलीस पुढेही गुन्हे नोंदवीत राहिले आणि त्याबद्दल २०२१ मध्ये न्यायालयाला तीव्र आश्चर्य व्यक्त करावे लागले, हा भाग वेगळा. तरीही एका विद्यार्थिनीने मिळविलेला हा विजय लहान नव्हे.

परंतु बोलण्याचा अधिकार हे स्वातंत्र्याचे अर्धेच अंग आहे. हजारो माणसे एकाच वेळी बोलत असताना त्यांपैकी कोणाचा शब्द विद्यार्थ्याच्या कानी पडावा, याचा निर्णय कोण करतो? वर्तमानपत्रात तो संपादक करीत असे. त्याचे नाव अंकावर छापलेले असे, त्याला पत्र लिहून खडसावता येत असे आणि प्रसंगी न्यायालयातही खेचता येत असे. समाजमाध्यमांवर हे काम यंत्र करते. त्या यंत्राचे नियम वाचकाला ठाऊक नसतात, बदलले तरी कळत नाहीत. आणि निवड आपणच केली, असा त्याचा समज मात्र कायम राहतो.

या गुप्त नियमांचे राजकारणावर काय परिणाम होतात, हे २०२१ मध्ये फेसबुकच्याच अंतर्गत कागदपत्रांतून उघड झाले. २०१७ पासून काही काळ रागाच्या चिन्हाला साध्या पसंतीच्या पाचपट वजन दिले जात होते. साहजिकच जो मजकूर संताप उसळवी, तो अधिक लोकांपुढे जाई. २०१८ मध्ये मजकुराचा क्रम लावण्याच्या पद्धतीत बदल झाल्यानंतर युरोपातील काही राजकीय पक्षांनी कंपनीकडे तक्रार केली, की आता लोकांपर्यंत पोहोचायचे तर प्रतिपक्षावर अधिकाधिक तुटून पडण्यावाचून गत्यंतर उरलेले नाही. पक्षांनी यंत्राला वापरावे, ही सर्वांचीच अपेक्षा होती. येथे यंत्रच पक्षांना वळण लावू लागले.

तंत्राने कलेला आकार देणे ही काही आजची गोष्ट नव्हे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो खराही आहे. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचेच गायन मावत असे आणि त्या मर्यादेत अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्यांनी अजोड गाणे करून ठेवले. पण ती मर्यादा गायकाला आणि श्रोत्यालाही ठाऊक होती. आज स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकले, की एक श्रवण मोजले जाते. अर्ध्या तासाचा विलंबित ख्याल आणि दोन मिनिटांचे गाणे या मोजणीत एकाच मापाचे ठरतात. हा नियम निदान जाहीर आहे. परंतु पुढचे गाणे कोणते सुचवावे, हे ज्या हिशेबाने ठरते तो जाहीर नाही. ज्याला मर्यादाच दिसत नाही, त्या कलावंताने तिच्यावर मात करावी तरी कशी?

ही रचना म्हणजे अटळ दैवगती, असे मानण्याचे मात्र कारण नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेवरून भटक्या जमातीतील पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी धाडण्याची सोय काढून घेतली. जमावाचे पाप त्यामुळे यंत्राच्या माथी मारता येत नाही. पण यंत्राची रचना माणसाने केलेली आहे आणि ती बदलता येते, एवढे त्यातून निःसंशय सिद्ध झाले.

म्हणूनच विद्यार्थ्यांच्या हातातून मोबाइल काढून घ्या, हा उपदेश निरुपयोगी आहे. २०२० च्या टाळेबंदीत शाळा-महाविद्यालयांनीच अध्यापन मोबाइलवर नेले. आज वर्गाची सूचना, परीक्षेचा निकाल आणि शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच पडद्यावर येतो. खेड्यातील मुलाला दूरच्या शहरातील चांगल्या प्राध्यापकाचे व्याख्यान तेथेच फुकट ऐकावयास मिळते. हा लाभ नाकारणे म्हणजे ज्याच्याजवळ आधीच थोडे आहे, त्याच्याकडून तेही हिरावून घेणे होय.

खरी मागणी वेगळी असली पाहिजे. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या वादात न्या. पी. बी. सावंत यांचा समावेश असलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने १९९५ मध्येच स्पष्ट केले होते, की माहिती मिळविण्याचा हक्क हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि त्यावर सरकारची असो वा खाजगी, कोणाचीच मक्तेदारी चालणार नाही. युरोपीय संघाच्या कायद्याने ऑगस्ट २०२३ पासून मोठ्या माध्यमांवर असे बंधन घातले आहे, की वापरणाऱ्याच्या आवडीनिवडींचा माग न काढता मजकूर दाखविणारा किमान एक पर्याय त्यांनी दिलाच पाहिजे. आपल्याकडील वाद मात्र बहुधा कोणता मजकूर काढून टाकावा, याभोवतीच फिरतो. म्हणजे पुन्हा बोलणाऱ्याच्याच तोंडावर हात. मजकुराचा क्रम कोण लावतो, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही.

तो विचारण्याची सवय वर्गात लावता येईल. एकाच दिवशी एकाच विषयावर वर्गातील दहा जणांच्या पडद्यावर काय आले, हे शिक्षकाने फळ्यावर शेजारी शेजारी मांडावे. आपल्याला दिसते तेच जग साऱ्यांना दिसते, हा भ्रम फिटण्यास तेवढा एक तास पुरेसा आहे. कायदा यावयास वेळ लागेल. या तासासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही.