‘वयच झालें आतां!’

‘वयच झालें आतां, चालायचेंच!’ पन्नाशीच्या आसपासची स्त्री अंगांत अकस्मात् उसळणारा दाह, रात्रीचा घाम, उडालेली झोप यांविषयीं घरांत बोलूं लागली म्हणजे तिला एवढेंच उत्तर मिळतें. तें देणारांत आमच्यासारखे पदवीधरहि असतात, हें आम्ही खेदानें म्हणतों. या उत्तरांत सहानुभूति तर नाहींच, पण सत्यहि नाहीं.

रजोनिवृत्ति हा रोग नव्हे, हें खरें. परंतु ती निव्वळ मासिक धर्माची समाप्तिहि नव्हे. बीजकोशांकडून होणारा इस्ट्रोजेनचा पुरवठा आटला कीं मेद मांड्यांऐवजीं पोटांत सांठूं लागतो, इन्शुलिनचा अंमल ढिला पडतो, अपायकारक कोलेस्टेरॉल वाढतें, हाडें झपाट्यानें झिजतात. हृदयविकारापासून पुरुषापेक्षां अधिक सुरक्षित असलेली स्त्री तें संरक्षण हळूहळू गमावते. वजनकांटा हें सांगेलच असें नाहीं. कंबरेची टेप सांगते. भारतीय स्त्रीस ८० सेंटीमीटरची मर्यादा तज्ज्ञांनीं घालून दिली आहे. पण ब्लाउजाच्या मापाखेरीज ही टेप किती घरांत बाहेर निघते?

कोणी म्हणेल, ‘आमच्या आज्यांना असलें कांहीं झालें नाहीं.’ झालें नाहीं कशावरून? त्यांनीं सांगितलें नाहीं, एवढेंच आपणांस ठाऊक. भारतीय स्त्रीची रजोनिवृत्ति सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसाव्या वर्षीं होते. आज सत्तरी गांठणें हें नवल राहिलेलें नाहीं. म्हणजे आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा आपण ‘चालायचेंच’ या एका शब्दावर सोडून देतों!

सरकारी दृष्टीहि निराळी नाहीं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी स्त्रीची सविस्तर मुलाखत १५ ते ४९ या वयांतच घेते. पुरुषांस मात्र ५४ पर्यंत मुभा! अपत्यसंभव सरला कीं बाईला विचारण्यासारखें कांहीं उरत नाहीं, असाच याचा अर्थ नव्हे काय? पांचव्या पाहणींत (२०१९–२१) रक्तशर्करा व रक्तदाब पंधरा वर्षांपुढील सर्वांचे मोजले, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. बाईचें रक्त चाललें, बोलणें नको.

वैद्यकानें तर दोन्ही टोंकें गांठलीं. १९६६ सालीं रॉबर्ट विल्सन या अमेरिकन डॉक्टरानें इस्ट्रोजेनला चिरयौवनाचें अमृत ठरविलें. २००२ मध्यें ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’चा संयुक्त संप्रेरकांचा प्रयोग थांबतांच तेंच विष झालें. त्या प्रयोगांतील १६,६०८ स्त्रियांचें सरासरी वय ६३ होतें, इकडे कितीकांनीं लक्ष दिलें? नोव्हेंबर २०२५ मध्यें अमेरिकन औषधप्रशासनानें या औषधांवरील ठळक इशारे बहुतांशीं काढण्याचें जाहीर केलें. मधल्या तेवीस वर्षांत ज्यांनीं भीतीपोटीं नुसतें सोसलें, त्यांची भरपाई कोण करणार? औषध घ्या असें आम्ही म्हणत नाहीं. तो वैद्याचा अधिकार. विचारण्याचा अधिकार मात्र बाईचा आहे.

असो. परदेशाचें सोडून घरांत पाहावें. सुशिक्षित घरांत ग्लुकोमीटर असतो, पण तो यजमानांच्या बोटासाठीं. गृहिणी पोळ्या लाटतां लाटतां त्यांचा आंकडा वहींत टिपते, आणि एकादशीस स्वतः साबुदाण्याच्या खिचडीवर दिवस काढून उपास घडल्याचें समाधान मानते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, हें जाणणारा पदवीधर त्या घरांत नसतो असें नाहीं. तो दुसऱ्यांदा खिचडी मागण्यांत गुंतलेला असतो.